बिनवायरचा उजेड

नाव हिलाल लिहा. आडनाव राहू द्या, आडनाव घेऊन काय करता, धुळ्यात त्या आडनावाचे पन्नास सापडतील आणि त्या बिचाऱ्यांनी काही केलेलं नाही. राहतो मी देवपुरात, पण मूळ आमचं खेडं पांझरेच्या वरच्या अंगाला, तिथं आमचे आबा, म्हणजे माझे वडील, ग्यासबत्त्या भाड्यानं द्यायचे. दुसऱ्यांची घरं शेतीवर चालायची, आमचं घर उजेडावर चालायचं. लग्न असो, तमाशा असो, भागवत असो, आबा आठ बत्त्या दांडीला लटकवून निघायचे, मेंटल, म्हणजे बत्तीची जाळीची वात, बांधायचे, पंप मारायचे, आणि बत्ती फस्स करून पेटली की लोक नवरदेवाला सोडून आबांकडे बघायचे, असं आबाच सांगायचे, खरं खोटं त्यांचं त्यांना माहीत. मग गावात खांब आले, वायर आली, आणि दोन वर्षांत त्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्याच, बत्त्या माळ्यावर जाऊन पडल्या. आबा म्हणे, हिलाल, उजेडनं रूप बदलनं, आते आपुन बी बदलूत. ते काही बदलले नाहीत, म्हातारे झाले. बदललो मी.

धुळ्याला आलो, एका लाईटवाल्याकडे चार वर्षं होल्डर पुसले, माळा गुंफल्या, आणि मग देवपुरात आपलं दुकान टाकलं. दुकान म्हणजे काय, दहा बाय दहाची खोली, त्यात रंगीत बल्बांची पोती. पण मला माळा लावण्यात गोडी नव्हती हो. माळा कोणीही लावतो. मला गोडी होती स्टेजच्या लाईटची. शाळेचं गॅदरिंग, ऑर्केस्ट्रा, नाटकाची स्पर्धा, गणपतीची आरास. राजा मरतो तेव्हा उजेड हळूहळू गेला पाहिजे, खटकन गेला तर लोक म्हणतात लाईट गेली. ते हळूहळू जाणं आम्ही मिठाच्या पाण्यानं करायचो. चिनीमातीची मोठी बरणी, त्यात मिठाचं पाणी, एक पत्रा तळाला आणि दुसरा दोरीनं वरखाली होणारा, पत्रे जवळ आले की उजेड वाढतो, लांब गेले की उतरतो. राजा मरेपर्यंत पाणी उकळायला लागायचं. मी त्या बरणीशी बसून असे राजे मारलेत की बाया पदर डोळ्याला लावायच्या, आणि मी पडद्यामागे, मला दिसायचं काहीच नाही, नुसतं ऐकून दोरी सोडायची.

आता आमच्या पाव्हण्यांचं सांगतो, कारण त्यांच्यासाठीच सांगायला बसलो. मला एकच बहीण, इंदू, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, माय लवकर गेली म्हणून मीच तिची वेणी घातलेली, वाकडी घालायचो, शाळेत पोरी हसायच्या. तिचं लग्न केलं सुकलालशी, साक्रीच्या बाजूचं खेडं, घरात तो आणि त्याची माय, थोडी जमीन. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला पाव्हणा म्हणतात, तो तुमच्या घरी रोज जेवला तरी पाव्हणाच. तर हे पाव्हणे लग्नानंतर वर्षभरात माझ्या कामावर आले, आणि दोघं नवराबायको मागच्या गल्लीत खोली घेऊन राहिले. पोरबाळ झालं नाही त्यांना. कोणी विचारलं की पाव्हणे म्हणायचे, इतले बल्ब सांभाळाना शेत, म्हणजे आहेत, त्या काय कमी शेत का. इंदू हसायची. त्या दोघांचं फार जमायचं हो, एवढं जमलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

पाव्हणे म्हणजे सावध माणूस. किती सावध, तर चहा प्यायच्या आधी बशीत बोट बुडवून बघतील. आमच्या धंद्यात एक रीत आहे, ती आम्हाला कोणी शिकवली नाही, चुकणाऱ्यांची हाडं मोडलेली बघून ती आपोआप शिकलो. मेन स्विचच्या बोर्डात फ्यूजची चिनीमातीची ग्रीप असते. जो माणूस वर चढणार त्यानं स्वतः ती ग्रीप उपसायची, आपल्या खिशात टाकायची आणि मग शिडीला पाय लावायचा. उतरल्यावर त्यानंच ती परत बसवायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मालकानंही नाही. ग्रीप ज्याच्या खिशात त्याचा जीव त्याच्या खिशात. मी ही रीत कधी कधी टाळायचो, पाव्हणे कधीच नाही. एक बल्ब बदलायचा असला तरी ते बोर्डापर्यंत चालत जायचे, ग्रीप काढायचे, शर्टाचं वरचं बटण लावायचे, आणि मग चढायचे. ते मला नाना म्हणायचे, मी त्यांना चिडवायचो, पाव्हणे, तुम्ही झोपताना पण ग्रीप काढून झोपता का. ते म्हणायचे, इंदूला विचारा.

तर आमचं दुखणं काय होतं, वायर. मला पडद्यामागे बसून काही दिसत नाही, म्हणून मी ठरवलं की बोर्ड समोर न्यायचा, लोकांच्या मागं, तिथून बघून लाईट चालवायची. पण समोर न्यायचं म्हणजे स्टेजपासून वायरीचा जुडगा ओढायचा, रस्ता ओलांडून, लोकांच्या पायातून. एकदा एका गॅदरिंगला रिक्षा वायरीत अडकली आणि माझी मिठाची बरणी फरफटत घेऊन गेली, राजा अर्धा मेलेला, उठून बसला बिचारा. लोक हसले, मी नाही हसलो. पाऊस असला की वायरीच्या जोडाला पाणी लागायचं, कोणाच्या पायाला झिणझिण्या यायच्या. माझ्या डोक्यात एकच बसलं, ही वायर गेली पाहिजे. हातात काहीतरी असावं, दाबलं की तिकडं लाईट लागावी, मधे काही नको.

धुळ्यात आमचे एक अन्वर मिस्तरी होते, रेडिओ दुरुस्त करायचे, चष्म्याच्या एका काचेला चीर. त्यांच्याकडे कोणीतरी मुंबईहून आणलेली रिमोटची मोटारगाडी दुरुस्तीला टाकलेली, चार बटणं, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. मी ती बघितली आणि मला तहान लागल्यासारखं झालं. मी बोललो, मिस्तरी, गाडी पुढं जाते तर त्याच हुकुमानं माझा लाल लाईट का लागू नये, मागे जाते तर निळा. मिस्तरी म्हणे, लागेल की, हुकूम हुकूम आहे, गाडीला दिला काय आणि बल्बाला दिला काय. मग तसलीच एक गाडी मी मुंबईहून मागवली, मिस्तरींनी तिचं पोट फाडलं, आतलं काढून लाकडी खोक्यात बसवलं, प्रत्येक बटणाला एक रिले, म्हणजे हुकूम आला की टक् करून चिकटणारा स्विच, आणि एरियलला पितळी तार लांब केली. दीड महिना गेला त्यात. पाव्हणे रोज येऊन बघायचे आणि म्हणायचे, नाना, जे दिसत नाही त्याच्यावर भरवसा किती ठेवायचा.

पहिली परीक्षा आम्ही पांझरेच्या पात्रात घेतली. उन्हाळा, पाणी नावाला. पाव्हणे काठावर खोकं घेऊन, दुकानातून ओढलेल्या वायरीवर एक पिवळा बल्ब, आणि मी रिमोट घेऊन पात्रात मागे मागे जाऊन राहिलो. वीस पावलं, दाबलं, लागला. चाळीस, लागला. पाव्हणे दर वेळी टॉवेल हलवायचे. ऐंशी पावलांवर पण टॉवेल हलला, आणि मला काय सांगू तुम्हाला, मी वाळूत बसलो. रडू आलं. वाटलं आबा असते तर. इंदू पुलावर उभी होती डबा घेऊन, ती वरून ओरडून म्हणे, भाऊ, काय व्हयनं, पडना का. मी बोललो, नाही गं, लागला. माझ्या आयुष्यात तेवढी एक दुपार चांगली गेली असं धरा.

मग माझं डोकं फिरलं. खोटं कशाला सांगू. गॅदरिंग असो, आरास असो, मी समोर गर्दीत उभा राहायचो, रिमोट टॉवेलात गुंडाळलेला, आणि स्टेजवरचा उजेड माझ्या मनासारखा बदलायचा. लोक मागे वळून बोर्ड शोधायचे, बोर्ड कुठेच नाही. कधी पानाच्या टपरीवर उभा राहून तोंडात पान धरून चालवायचो. मला मंतरवाला नाना म्हणायला लागले. जळगावहून, चाळीसगावहून माणसं यायची, नाना, ते तुमचं बिनवायरचं पाहिजे. जो विचारेल त्याला मी फुशारकीनं सांगायचो की मोटारगाडीचं पोट फाडलंय, अमुक दुकानातून आणलीय. वाटायचं, ऐकून काय होणार, जमणार थोडंच कोणाला. नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि तो मला दिसत नव्हता, कारण नाक माझंच.

जळगावच्या एका मंडळानं गणपतीला बोलावलं. मोठी आरास, समुद्रमंथनाचा देखावा, कापडाचा समुद्र, खालून पंखे, निळा उजेड लाटांवर फिरवायचा, आणि शेवटी अमृताच्या वेळी वरून पिवळा. दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी देखावा चालू असताना निळा आपोआप गेला, पिवळा लागला, परत निळा आला. मी बटणाला हात पण लावलेला नाही. देवदानव ओढतायत आणि अमृत आधीच येऊन गेलं. लोकांना वाटलं असंच असतं. मी चौकशी केली तर कळलं, दोन गल्ल्या पलीकडच्या मंडळाला जळगावच्याच एका लाईटवाल्यानं तसलाच सेट करून दिलाय. माझ्याकडूनच ऐकून गेलेला, त्याच गाडीचं पोट फाडलेलं.

सकाळी मी एसटीडीवरून अन्वर मिस्तरींना फोन लावला. ते म्हणे, अरे हिलाल, दोन्ही सेटांत क्रिस्टल एकच असणार, म्हणजे हाक एकच. दोन शेजाऱ्यांनी कुत्र्याचं नाव एकच ठेवलं तर एकानं बोलावलं की दोन्ही धावतात. खोकं घेऊन ये, दोन दिवसांत बदलून देतो. आणि तोवर, मिस्तरी म्हणे, ग्रीप काढल्याशिवाय कोणाला वर चढवू नकोस. हे त्यांचे शब्द. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. आता ऐका, मी परत येऊन पाव्हण्यांना हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता उत्तर पण झिजलं. लाज वाटली. पाव्हण्यांनी पहिल्या दिवसापासून म्हटलं होतं की न दिसणाऱ्यावर भरवसा किती ठेवायचा, आणि मला कबूल करावं लागलं असतं की माझा मंतर दुसऱ्याच्या बटणानं पण चालतो. मी मनाशी म्हटलं, विसर्जन होऊ दे, मग नेऊ खोकं.

त्याच दिवशी दुपारी अडीचचा सुमार. वरच्या लोखंडी पाइपावरचा एक पिवळा हॅलोजन सैल झाला होता, होल्डरमधून वायर निघालेली. पाच वाजता दर्शन सुरू होणार, कोणी मोठा माणूस यायचा होता. पाव्हण्यांनी शिडी लावली आणि बोर्डाकडे गेले. तर बोर्डाची पेटी कुलपात. मंडळानं कोणी छेडछाड करू नये म्हणून कुलूप घातलेलं आणि किल्लीवाला कार्यकर्ता घरी जेवायला गेलेला. पाव्हणे परत आले, म्हणे, नाना, थांबूया, तो येऊ दे, ग्रीप काढू आणि मग चढू. मी खाली बसलो होतो, कापडाच्या लाटा ठीक करत. मी बोललो, पाव्हणे, कशाला थांबता, सगळं बंद आहे, रिमोट माझ्या खिशात आहे, मी दाबल्याशिवाय कुठून लागणार. आणि खिशावर हात मारून दाखवला. पाव्हण्यांनी एकदा कुलपाकडे बघितलं. मग हसले आणि म्हणे, बरं, तुमना खिसा तो मनाच खिसा. आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि चढले.

मी लाटेची एक घडी मोडली असेल, दुसरी मोडली असेल, आणि खोक्यातून टक् आवाज आला. तो आवाज मी ओळखतो, झोपेत ओळखतो. वर बघेपर्यंत पाव्हणे पाइपाला चिकटलेले. तोंडातून आवाज नाही, नुसते थरथरून राहिलेले. मी खोक्याची वायर हातानं ओढून तोडली, ते सुटले आणि वरून कापडाच्या समुद्रात पडले. दोन गल्ल्या पलीकडे तो लाईटवाला आपला सेट तपासत होता. त्याला आजपर्यंत माहीत नाही. त्यानं बटण दाबलं, त्याचा लाईट लागला, तो खूश झाला असेल. रिक्षात घालून नेलं, दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

पोलीस आले, पेटी उघडली, ग्रीप जागेवर. पंचनाम्यात विचारलं, हे नेहमी ग्रीप काढायचे का. मी बोललो, हो, नेहमी काढायचे. मग आज? आणि मी, काय सांगू तुम्हाला, माझ्या तोंडातून निघालं, आज विसरले. विचार करून नाही बोललो, निघून गेलं. पण निघाल्यावर मी ते परत गिळलं पण नाही. कुलपाचा विषय कोणी काढला नाही, मंडळाला पण ते नकोच होतं, किल्लीवाला पण गप्प. लिहून झालं, मयतानं फ्यूज काढण्यात हयगय केली. खाली माझी सही. जो माणूस बशीत बोट बुडवून चहा प्यायचा त्याच्या नावावर मी हयगय लिहून दिली.

दहाव्याला अन्वर मिस्तरी आले. त्यांनी मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं, त्या चिरलेल्या काचेतून, आणि उठून गेले. नंतर त्यांच्या दुकानासमोरून मी सायकल घालायचं सोडलं. ते कोणाजवळ बोलले नाहीत, एवढं मला ठाऊक आहे, आणि त्याचं पण मला ओझंच झालं.

दिवसकार्यानंतर इंदू खेड्यात सासूपाशीच राहिली होती, आणि सासू मात्र ऐकेना. दारात बसून आल्यागेल्याला सांगायची, मना सुकलाल जेवानं इसरी जाई, पन ग्रीप इसरनार नही. हाई खोटं शे. इंदूला ते सहन होईना. ती म्हणे, माझा भाऊ तिथं उभा होता, भाऊ खोटं बोलेल का. दोघींचं वाजलं. इंदू म्हाताऱ्या सासूला भर गल्लीत खोटारडी म्हणाली आणि माझ्याकडे निघून आली, कायमची. माझ्या बाजूनं भांडून आली, समजलं ना तुम्हाला. मी तिला घरात घेतलं, माझी बायको चांगली, तिनं कधी वाकडा शब्द काढला नाही. गल्ली म्हणायची, भाऊ असावा तर असा. मी ते ऐकून जेवायला बसायचो.

सहा वर्षं अशी गेली. बिनवायरचं मी बंद केलं, विचारलं तर सांगायचो बिघडलं, परत वायरी ओढायला लागलो. ग्रीप आता मी स्वतः काढतो, दर वेळी, माणूस मेल्यावर शहाणपण. इंदू घरातलं बठ्ठं करायची, आणि रोज मला पहिलं वाढायची, भाऊ, तू नसता तर मी कथी जाती. तो घास गिळायला किती वेळ लागतो ते मला विचारा. आणि दर आखाजीला तर. आखाजी म्हणजे आमचा खानदेशचा मोठा सण, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसांची घागर भरतात, लाल मातीची घागर, वर खरबूज, आंबा, सांजोरी, आणि चुलीत त्यांच्या नावानं घास टाकतात. खरं तर ती घागर ज्याची त्याच्या घरी भरायची, बहिणीच्या माहेरी नाही, बायका कुजबुजायच्या, पण इंदू म्हणे, मी भरसू. ती भरायची, आणि पाणी ओतताना दर वर्षी हळूच एकच वाक्य बोलायची घागरीला, इतलं साधं काम, ते बी इसरी ग्यात तुम्ही. रागावून बोलायची. सहा वर्षं ती त्या माणसावर रागावलेली होती. त्यानं आपला विचार केला नाही, एका खटक्याचा आळस केला आणि आपल्याला उघडं टाकून गेला, असं तिच्या मनात बसलेलं. फोटोला हार घालायची ती पण रागानं. आणि हे मी रोज बघत होतो.

मग त्या वर्षी चैत्रात सासू गेली. इंदू तोंड बघायला गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. मी ओट्यावर बसलेलो, ती पाय धुता धुता म्हणे, भाऊ, डोकरी मरता मरता बी तेच बोलनी म्हने, मना पोऱ्या इसरनार नही. आणि वर इंदूच म्हणे, मरताना तरी खोटं बोलू नये माणसानं. मला तिथंच काहीतरी तुटल्यासारखं झालं. एकटी बाई जगात खरं बोलत होती, ती खोटारडी म्हणून गेली. पंधरा दिवसांनी आखाजी आली. इंदूनं घागर भरायला घेतली, तिचं ते वाक्य आलं, आणि मी बोललो, इंदू, ते विसरले नाहीत. मी बसून सगळं सांगितलं. टपरी, फुशारकी, मिस्तरींचा फोन, कुलूप, खिसा. काही सोडलं नाही. माझी बायको दाराशी उभी राहून ऐकत होती, तिला पण तेव्हाच कळलं.

इंदूनं एकच विचारलं. भाऊ, त्यासनी इचारं व्हतं का तुले, ग्रीप काढू का म्हणीसन. मी बोललो, हो, विचारलं होतं, थांबू पण म्हटले होते. ती म्हणे, मंग? मी बोललो, मी नको म्हटलं. मला वाटलं आता शिव्या देईल, तोंडात मारेल, मी तयार होतो, मला ते पाहिजे होतं. ती म्हणे, सहा वरीस मी त्यासले बोलनू. त्या डोकरीले खोटी पाडं. आता कोनले सांगू मी. एवढंच. माझ्यावर एक शब्द नाही. मग तिनं ती भरलेली घागर कमरेवर घेतली, पदर नीट केला आणि बाहेर पडली. मी मागे मागे स्टँडपर्यंत गेलो. माहेरवाशिणी उतरत होत्या, पिशव्या, पोरं, हसणं, आणि माझी बहीण उलट्या गाडीत चढली, मांडीवर भरलेली घागर धरून. कंडक्टर म्हणाला, मावशी, पाणी सांडेल, ती म्हणे, नाही सांडणार. मी खिडकीशी उभा राहिलो, तिनं बघितलं नाही.

ती सासरच्या त्या बंद घरात राहते आता. दुसऱ्याच्या शेतात निंदणीला जाते, कापूस वेचते. मी पोलिसात जाऊन पण सांगून आलो, मला वाटलं त्यानं काही होईल, तिथला जमादार म्हणे, आजोबा, ते प्रकरण केव्हाच मिटलं, आता कशाला उकरता, घरी जा. म्हणजे शिक्षा पण कोणी देईना. त्या जुन्या कागदावर हयगय तशीच आहे, आणि ती आता खोडता येत नाही. दुकान मी भावकीतल्या एकाला देऊन टाकलं. आता मुंबईच्या पार्ट्या येतात, त्यांच्याकडे बिनवायरचे माईक, बिनवायरची लाईट, पक्क्या कंपनीची, त्याला म्हणे प्रत्येकाची हाक वेगळी असते. चांगलं आहे. मी बघायला जात नाही.

दर आखाजीच्या आधी मी तिला आणायला जातो. लेकीला आणायला भावानं जायचं ही रीतच आहे, मी ती सोडली नाही. तीन वर्षं झाली. मला दुरून येताना बघते आणि आत जाऊन पाणी आणते. भाकरी टाकते, वाढते, वहिनी कशी शे विचारते, माझ्या गुडघ्याचं विचारते. मी म्हणतो, इंदू, चल. ती म्हणते, आठे, या घरमा, त्यासनी घागर भरनी शे, डोकरीनी बी भरनी शे, दोन घागरी शेत, कशी येऊ. मग म्हणते, भाऊ, जाय आते, गाडी निंघी जाई. भाऊच म्हणते अजून. तोंड फिरवलं असतं तर मी समजलो असतो की कुठं उभा आहे. ती मला जेवू घालून, पाणी देऊन, भाऊ म्हणून दारातून परत पाठवते, आणि मी गाडीत बसतो. पुढच्या वर्षी पण जाईन. ती पण वाढेल.